तीन भेटं

जळगाव,
रविवार, ११ जानेवारी २०२६

आदरणीय भागाआत्या हिस,
सविनय जय भीम, वि. वि.

सर्वात आधी एक दुरुस्ती. पाच तारखेच्या पत्रात दुसऱ्या पानावर, वरून चौथ्या ओळीत मी लिहिलं होतं की फेब्रुवारीअखेरच्या रजेत मी एकटीच, पाठीवर एक सॅक टाकून, कमीत कमी खर्चात तीन भेटं करून येणार आहे. तिथे 'भेटं' नव्हे, 'बेटं' हवं. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन. बोदवडचा ब, भुसावळचा भ नाही. शाळेत घालण्याआधी तीन वर्षं तू मला घरी शिकवलंस, टपालावरच्या गावांच्या नावांनी बाराखडी पाठ करून घेतलीस, आणि 'बुसावळ' व 'भोदवड' लिहिलं म्हणून पट्टीही मारलीस. सव्विसाव्या वर्षी तीच चूक करताना मला काहीच वाटलं नाही. वाटलं ते काल. पत्र टाकण्याआधी मी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवते, तो पुन्हा वाचताना तुझी पट्टी आठवली आणि मी हात मागे घेतला.

त्याच पत्रात आई बरी आहे असंही लिहिलं होतं. तिला तेव्हा सर्दी होती. आता खरोखर बरी आहे.

फोन करून हे सांगता आलं असतं, पण फोनवर तुला ब आणि भ सारखेच ऐकू येतात आणि कानाचं मशीन तू डब्यात ठेवतेस. शिवाय महत्त्वाचं ते लेखी, हा तुझाच नियम.

आता नीट सांगते. मागच्या पत्रात धीर झाला नाही म्हणून जागेचं नाव लिहिलं नव्हतं. अंदमानला जायचं आहे. जळगावहून रेल्वेने चेन्नई, तिथून विमानाने पोर्ट ब्लेअर, आणि तिथून सरकारी बोटीने नील, हॅवलॉक आणि लाँग अशी तीन बेटं. (या पहिल्या दोन बेटांची आणि पोर्ट ब्लेअरची नावं आता बदलली आहेत. नवी नावं वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडली आहेत, म्हणजे तू नकाशात शोधशील तेव्हा गोंधळ नको.) राहायचं ते डॉर्मिटरीत. एका खोलीत आठ पलंग, अनोळखी बायका. आठ जणी एका खोलीत असताना मी एकटी गेले असं म्हणता येईल का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एकटीने का, असं आईने विचारलं. तिला म्हटलं, सहजच. तुला सांगते. मी आजवर एकही रात्र एकटीने काढलेली नाही. लॅबमध्ये मी केळीच्या रोपांच्या बाटल्यांवरची लेबलं तपासते, तिथेही मी तपासलेलं माझ्या बरोबरची नूतन पुन्हा तपासते, आणि ते बरंच वाटतं. पण हे असंच राहिलं तर मी काय करू शकते ते मला कधी कळणारच नाही. आई म्हणाली की एकटीने जायचंच असेल तर सोबतीला कोणीतरी हवंच. पप्पांनी आधी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले की भागाबाईने लेखी हो म्हटलं तर जा.

तेव्हा तुझ्या होकाराची वाट पाहते. मागचं पत्र कोणाला वाचून दाखवलं असशील तर कृपा करून दुरुस्तीही वाचून दाखव.

ब आणि भ यांच्या पलीकडे जाऊन लोभ असू दे.

तुझी,
मृणाली


धुळे,
शुक्रवार, १६ जानेवारी

चि. मृणाली हिस,
सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद.

तुझी दुरुस्ती काल पोचली, चार दिवसांत. तुझी चूक दोन दिवसांत पोचली होती. एकतीस वर्षं टपालखात्यात पत्रं लावण्यात गेली माझी, तेव्हापासून पाहते, चूक कधी वाटेत अडकत नाही.

'भेटं' असा शब्द मराठीत नाही. पत्ता चुकीचा दिसला तर पत्र परत पाठवायचं नसतं, अंदाजाने योग्य गावी लावायचं असतं, ही आमची शिकवण. 'भोदवड' दिसलं तर बोदवडला पाठवायचं. मी 'भेटं' पाहिलं आणि वेलांटी मारून 'भेटी' केलं. पोरगी रजा काढून, एकटी, कमी खर्चात तीन भेटी देणार. मला भरून आलं गं. सात वर्षांत तू कोणाच्या दारात गेली नाहीस. वास्तुशांती नाही, बारसं नाही. म्हटलं, आली अक्कल. कोणाकडे जायचं ते तू लिहिलं नव्हतंस, म्हणून ते मी ठरवलं, आणि त्याच दुपारी तीन कार्डं टाकली. दोंडाईचाला उखर्डूआबांना, पहूरला तुझ्या धुरपदामावशीला, भुसावळला तुझ्या झुलालकाकाला, म्हणजे माझ्या चुलत भावाला.

आता परिणाम ऐक. उखर्डूआबांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी स्वतः शिडीवर चढून पुढच्या भिंतीला चुना दिला. धुरपदाबाईने तुझ्यासाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ दळून ठेवलं. आणि झुलालने, जो मला वीस वर्षांत आपण होऊन बोलला नाही, मला पत्र लिहिलं. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेला माणूस, पत्रातही दोनच ओळी. आधारभाऊची पोरगी येते शे हे वाचून बरं वाटलं, कोणत्या गाडीने ते कळव.

यांना मी आता काय सांगू? की पोरीला तुमच्याकडे नाही, समुद्रात जायचं होतं?

होकाराचं पुढे पाहू. आधी हे निस्तर.

आईच्या सर्दीची दुरुस्ती मिळाली. मला त्या वेळीच शंका आली होती.

तुझी,
भागाआत्या


जळगाव,
मंगळवार, २० जानेवारी

आदरणीय भागाआत्या हिस,
सविनय जय भीम, वि. वि.

तुझं पत्र मी लॅबच्या जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच परत आणला. उखर्डूआबा शिडीवरून पडले असते तर ते माझ्या एका अक्षराने पडले असते.

आत्या, एक कबुली द्यायची आहे. मी तिकिटं काढलेली आहेत, सत्तावीस फेब्रुवारीला जायची आणि नंतर परत यायची. ती स्वस्तातली आहेत, म्हणजे रद्द केली तर पैसे परत मिळत नाहीत आणि तारीखही बदलत नाही. तुझ्या होकाराआधी काढायला नको होती. ते मी का केलं हे मलाही कळत नाही. बटण दाबल्यावर मी उठून हात धुतले.

अकरा दिवसांची रजाही मंजूर आहे. त्यात तीन बेटं बसतात किंवा तीन भेटी. दोन्ही बसवून पाहिलं, कागदावर सुद्धा बसत नाही.

रविवारपासून मी सॅक भरून घरात फिरते आहे. सात किलोच्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरवलं आहे. आईने त्यात ज्वारीच्या वाळवलेल्या बिबड्या घातल्या, मी काढल्या, तिने पुन्हा घातल्या. तिचं म्हणणं की समुद्रात बिबड्या कुठून मिळणार. तिने मला दुसऱ्याही एका गोष्टीवर घेरलं. विमानात, बोटीत आणि खोलीत तू बसणार ती माणसांमध्येच, मग एकटी म्हणजे नक्की कधी, असं तिने विचारलं.  नंतर सुचलं की कोणी विचारणारं नसेल तेव्हा. पण ते तिला सांगायला गेले तेव्हा ती भाजी निवडत होती, मीही निवडायला बसले.

खरं सांगू का? तू नको म्हणालीस तर मला फार वाईट वाटेल. आणि थोडं सुटल्यासारखंही वाटेल. या दुसऱ्या गोष्टीची मला जास्त भीती वाटते.

तिन्ही घरी दुरुस्तीचं कार्ड टाकशील का? चूक माझी होती असं स्पष्ट लिही.

रागावलीस तरी लोभ काढून घेऊ नकोस.

तुझी,
मृणाली


धुळे,
सोमवार, २६ जानेवारी

चि. मृणाली हिस,
सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद.

दुरुस्तीची कार्डं गेली. मजकूर तिन्हींवर एकच. भेटी नव्हे, बेटं. चूक मृणालीची, वेलांटी माझी.

उत्तरं आली. बस खाली आणि वाच.

उखर्डूआबा म्हणतात की बेटासाठी पोरीला इतक्या लांब कशाला जायला पाहिजे, तठे काय शे, बठ्ठं आठेच शे. सगळं इथेच, कारण त्यांच्या शेताच्या मधोमध बांबूचं बेट आहे, चांगलं चाळीस वर्षांचं, आत खाट बसते.

धुरपदाबाईने शेजारणीकडून लिहवून घेतलं आहे. पहूरच्या चौकात वाहतूक बेट आहे. तिने आधी चौकशी केली, सरकारी कागदात त्याला बेटच म्हणतात. मधे गवत आहे, दिवा आहे, आणि तिच्या घराच्या ओट्यावरून सगळं दिसतं.

झुलालने या वेळी तीन ओळी लिहिल्या. ज्या फलाटाच्या दोन्ही बाजूंना रूळ असतात त्याला रेल्वेत आयलंड म्हणतात. भुसावळला ते आहेत. कोणत्या गाडीने ते कळव.

मी रात्रभर विचार केला. ही माणसं वेडी आहेत, पण शब्दाला धरून आहेत. तू बेट म्हणालीस, त्यांनी बेट दिलं. तेव्हा माझा निकाल असा. तीन रविवार, तीन बेटं. सॅक पाठीवर, एसटीने किंवा पॅसेंजरने, आणि एकटीने. म्हणजे भेटीही होतात, बेटंही होतात आणि तुझ्या अकरा दिवसांना हात लागत नाही. दोंडाईचाच्या बांबूत तुला एक दुपार एकटीने काढता आली नाही, तर समुद्र लांब राहिला.

प्रत्येक बेटाचा अहवाल पाठव. खरा. मग होकाराचं बघते.

बिबड्या राहू दे सॅकमध्ये. आईशी सगळ्या लढाया लढू नयेत.

तुझी,
भागाआत्या


जळगाव,
सोमवार, ९ फेब्रुवारी

आदरणीय भागाआत्या हिस,
सविनय जय भीम, वि. वि.

दोन बेटांचा अहवाल एकत्र पाठवते. पहिला आठ दिवसांपूर्वीच लिहिला होता, पण फार रडका वाटला म्हणून फाडला. फाडला हे सांगायला हवं म्हणून सांगितलं.

दोंडाईचा, एक फेब्रुवारी. उखर्डूआबा स्टेशनवर घ्यायला आले होते. मी एकटीने यायचं ठरलं आहे अशी आठवण केली, तेव्हा ते गावापर्यंत माझ्या वीस पावलं मागून चालले. बांबूचं बेट खरंच सुंदर आहे. आतून झाडून घेतलं होतं, खाट टाकली होती, खाटेवर नवी चादर. मी आत जाऊन बसले. दहा मिनिटांनी पाण्याचा आवाज आला. आबांनी विहिरीवरची मोटार सुरू करून पाइप मोकळा सोडला होता. बेटाला चारी बाजूंनी पाणी लागतं, हे त्यांनी कोणाला तरी विचारून घेतलं असावं. अर्ध्या तासात माझ्या भोवती घोट्याच्या वर चिखल झाला.

मग घरची माणसं आली, सगळी मिळून अकरा. मी एकटी असायला हवी हे आबांनी त्यांना बजावलं होतं. म्हणून ती सगळी चिखलाच्या पलीकडे, माझ्याकडे पाठ करून ओळीने बसली. बाजूच्या खळ्यावर मिरची वाळत होती, वारा तिकडून होता, त्यामुळे अकरा पाठी शिंकत होत्या. दर थोड्या वेळाने कोणीतरी मान न वळवता विचारायचं की भ्याव लागस का, भीती वाटते का. मी नाही म्हणायचे. मग ते आपसात सांगायचे की नाही म्हणते. चिखल जिरेपर्यंत मला निघता आलं नाही, ठरलेली गाडी चुकली. निघताना आबांनी विचारलं की समुद्रात याहून वेगळं काय असेल. मी त्यांच्या नव्या चुन्याच्या भिंतीपाशी उभी होते. तिथेच त्यांच्या पाया पडले.

पहूर, आठ फेब्रुवारी. वाहतूक बेटावर मी सकाळी साडेदहाला पोचले आणि सॅक काढून गवतावर बसले. मावशी ओट्यावरून हात करत होती. पहूरहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे गाड्या जातात हे मी विसरले होते. सॅक पाहून पहिल्या पाच मिनिटांत तीन जीपवाले माझ्याशी इंग्रजीत बोलले. मी मराठीत उत्तर दिलं तर एकाने कौतुकाने विचारलं की इतकं चांगलं मराठी कुठे शिकलात. मी धुळ्याला, आत्याकडे, असं सांगितलं. ते खरंच आहे.

थोड्या वेळाने एक खरंखुरं परदेशी जोडपं माझ्यासारख्याच सॅक घेऊन रस्ता ओलांडून आलं आणि माझ्या शेजारी बसलं. मी बसले आहे म्हणजे गाडी इथेच थांबत असणार, असा त्यांचा समज झाला. समज चुकीचा आहे हे सांगायला मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात मावशी दोन्ही हात वर करून ट्रक थांबवत आली. तिच्या डोक्यावर टोपली होती. कळण्याची भाकरी, ठेचा, तेल, कांदा. तिने आधी त्या दोघांना वाढलं. पोरगी एकटी शे म्हणून कार्डावर होतं आणि आठे तर तीन जण शेत, मग कोणाला उपाशी ठेवू व माय, असं ती मला रागावून म्हणाली. ठेच्याने त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याला वाटलं मावशीलाही वाईट वाटतं आहे, म्हणून त्याने तिचा हात धरला. मग तिलाही रडू आलं. तोवर तीन सॅक एकत्र बघून एक एसटी खरोखरच थांबली. ती लेण्यांकडेच जात होती. ते दोघं बसून गेले.

आत्या, खरा अहवाल एवढाच की दोन्ही बेटांवर मी एक मिनिटसुद्धा एकटी नव्हते. हे तू नापास धरशील हे मला ठाऊक आहे. लपवावंसं वाटलं होतं.

लोभ गुणांवर अवलंबून नसावा ही विनंती.

तुझी,
मृणाली


धुळे,
गुरुवार, १२ फेब्रुवारी
(कार्ड)

चि. मृणाली, आशीर्वाद. अहवाल पोचला. हसून हसून ठसका लागला, शेजारचे रतिलालभाई पाणी घेऊन आले, त्यांनाही वाचून दाखवला. आता गल्लीत सगळे मला विचारतात की भ्याव लागस का. नापास नाही, अपूर्ण. झुलालला मी सक्त कळवलं आहे की पोरीजवळ जायचं नाही, बोलायचं नाही, खायला द्यायचं नाही. तो शिस्तीचा माणूस आहे. तिसरं बेट नीट कर. भागाआत्या.


जळगाव,
सोमवार, १६ फेब्रुवारी

आदरणीय भागाआत्या हिस,
सविनय जय भीम, वि. वि.

काल भुसावळला गेले. झुलालकाका पुलाच्या पायथ्याशी उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत गुंडाळलेला हिरवा झेंडा. ते माझ्याशी बोलले नाहीत. खिशातून चिठ्ठी काढून हातात दिली. तीवर लिहिलं होतं की ते समोरच्या फलाटावर बसतील, दर पंधरा मिनिटांनी झेंडा दाखवतील, सगळं ठीक असेल तर मी रुमाल हलवायचा. खाली ओळ होती की बोलायची मनाई आहे, भागाबाईचा हुकूम.

मी आयलंड फलाटावर जाऊन बाकावर बसले. दोन्ही बाजूंना रूळ. काका समोर, ताठ. सव्वाअकराला झेंडा वर, माझा रुमाल वर. साडेअकराला झेंडा, रुमाल. पावणेबाराला मधे मालगाडी आली. ती संपता संपेना. दोन डब्यांच्या फटीतून हिरवं काहीतरी हलताना दिसत होतं, मीही फटी बघून रुमाल हलवत होते. शेजारच्या बाईंनी आपल्या पोरीला माझ्यापासून थोडं सरकवून घेतलं.

त्यानंतर मला नीट सांगता यायचं नाही, पण प्रयत्न करते. लोक माझ्याकडे येऊन गाडी विचारायला लागले. सॅक पाहून हिला प्रवासाचं कळतं असं त्यांना वाटत असावं. मी पाट्या वाचून सांगत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांना नागपूरकडे जायचं होतं. त्यांना मी समोर उभी असलेली गाडी दाखवली. ते पुलावरून गेले, चढले, आणि मग मला दिसलं की डब्यावरची पाटी मी उलटी वाचली होती. ती गाडी नागपूरहून आली होती, मुंबईकडे चालली होती.

आत्या, मी धावले. सात किलोची सॅक पाठीवर होती, ती काढायचंही सुचलं नाही. पूल चढले, उतरले, डबा शोधला, आत शिरले. गर्दीत त्यांना हाक मारायला नाव ठाऊक नव्हतं म्हणून नागपूरवाले बाबा, नागपूरवाले बाबा, अशी ओरडत सुटले. दोन वेगळे बाबा उभे राहिले. तिसरे आपले होते. त्यांना उतरवलं आणि गाडी हलली. मी त्यांची माफी मागितली, चूक माझी होती हे दोनदा सांगितलं, योग्य फलाटावर नेऊन बसवलं आणि या वेळी पाटी सुलट वाचली. ते म्हणाले की चुका सगळेच करतात, पण परत सांगायला कोणी इतकं पळत येत नाही.

परत येऊन बाकावर बसले तेव्हा दीड वाजला होता. समोर पाहिलं तर काका बसल्या बसल्या झोपले होते. मांडीवर झेंडा. म्हणजे बारापासून दीडपर्यंत मी ठीक आहे का, हे मला कोणीही विचारलं नव्हतं. भीती वाटते का, हे मीसुद्धा मला विचारलं नव्हतं.

मी आणखी अर्धा तास तशीच बसून राहिले. मुद्दाम. मग काकांना ऊन लागायला लागलं म्हणून जाऊन उठवलं. ते दचकले, आधी झेंडा दाखवला, आणि मग हुकूम विसरून बोलले. म्हणाले की नोकरीत कधी डोळा लागला नव्हता, हे भागाबाईला कळवू नको. मी म्हटलं की कळवावं लागेल, पण तुम्ही झोपलात ते चांगलं झालं असंही कळवते. त्यावर ते म्हणाले की मग वीस वर्षांपूर्वी बोलणं कशावरून थांबलं तेही तिला विचार, कारण त्यांना आता आठवत नाही.

तेव्हा विचारते.

आणि दुसरंही विचारते. आता तरी लेखी हो देशील का? बारा दिवस उरले आहेत.

झेंडा दिसो न दिसो, लोभ असू दे.

तुझी,
मृणाली


धुळे,
गुरुवार, १९ फेब्रुवारी

चि. मृणाली हिस,
सप्रेम जय भीम व अनेक आशीर्वाद.

अहवाल पोचला. झुलालला सांग, मलाही आठवत नाही. तो येत्या रविवारी धुळ्याला येणार आहे, दोघं मिळून आठवतो. नाही आठवलं तर जेवून जाईल.

बारा दिवस नव्हे, अकरा. सोळापासून सत्तावीस मोज. घाबरलीस की तुझं गणितही भुसावळला जातं.

आता एक सांगते, ते कधी कोणाला सांगितलं नाही. पत्रं लावायला आमच्यासमोर खण असायचे. अंदमानचे पिन ७४४ ने सुरू होतात. त्याला वेगळा खण नव्हता, पत्रंच नव्हती तेवढी. महिन्याकाठी दोन-तीन. वना नावाच्या एका बाईचं ठरलेलं असायचं, तिचा नवरा तिकडे बोटीवर कामाला होता. ते पाकीट मी हातात जरा जास्त वेळ धरायची. नकाशात बघायची, इतक्या पाण्यात हे कसं जाणार. टाकायची कोलकात्याच्या थैलीत, आणि संपलं. एकतीस वर्षं मी पत्रं पाठवली, पण एकाही पत्राने मला परत येऊन सांगितलं नाही की बाई, मी पोचलो. तू लहानपणी चुकलीस की मी म्हणायची ना, पोरीला पोच नाही म्हणून? खरं तर ती माझीच तक्रार होती.

सोबत तीन कार्डं आहेत. पत्ता माझा, माझ्या हाताने लिहिला आहे, कारण तू दुळे लिहिशील. प्रत्येक बेटावरून एक टाक. शिक्का स्वच्छ उमटवून घे, पुसट शिक्का मी मानत नाही. मजकूर काही लिहू नकोस, वाटलं तर ब लिही.

तिन्ही कार्डं माझ्या हातात पडली की मी होकार लिहून तुझ्या पप्पांना, आधारला, पाठवते. पोच आल्याशिवाय मी आता कशालाच हो म्हणत नाही.

तुझी,
भागाआत्या


जळगाव,
सोमवार, २३ फेब्रुवारी

आदरणीय भागाआत्या हिस,
सविनय जय भीम, वि. वि.

एक दुरुस्ती. अकरा दिवस बरोबर होते, बारा चूक. दुसरी दुरुस्ती, पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझ्या होकाराची वाट पाहते. ते आता तसं राहिलेलं नाही.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. कार्डं पोचली की होकार, आणि कार्डं बेटावरून टाकायची. म्हणजे होकार येईल तोवर मी परत आलेली असेन. आधी वाटलं तुझ्याकडून काहीतरी चुकलं. मग आठवलं की तू चुकत नाहीस.

पत्र पप्पांना दिलं. त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या, पाकिटात आणखी काही आहे का ते पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाले की यात हो कुठेच नाही. मी म्हणाले, नको पण कुठे नाही. त्यांनी पुन्हा चष्मा लावून शोधलं. सापडलं नाही. मग त्यांनी विचारलं की स्टेशनवर सोडायला आलेलं चालेल का. मी म्हटलं, फाटकापर्यंत. आई म्हणाली की मग फाटकापर्यंत तीही येईल, फक्त पाठ करून उभी राहील.

आठ पलंगांचाही निकाल लागला. भुसावळला फलाटावर शेकडो माणसं होती. तेव्हा आठ बायकांचं काही नाही.

सॅक सहा किलो आठशे ग्रॅम भरली. बिबड्या आत आहेत. तुझी कार्डं सर्वात वर, दोन पिशव्यांत, ओली होऊ नयेत म्हणून. एकावर मी पेन्सिलने ब लिहून पाहिला. बोदवडचा आहे, तीनदा तपासला. नूतनला दाखवला नाही.

मला भीती वाटते आहे. हे लिहिलं नाही तर अहवाल खोटा होईल. पण सुटल्यासारखं वाटायची भीती मात्र आता नाही.

झुलालकाका काल जेवून गेले असतील. आठवलं का, ते कार्डावर कळव. मी नसले तरी आई ठेवून घेईल.

आता लोभ पोचेल तिथे पोचू दे.

तुझी,
मृणाली

ता. क. शुक्रवार, २७ फेब्रुवारी २०२६. सकाळची चेन्नईची गाडी. एकटी.